ते नाव मी लिहिणार नाही

आधीच सांगून ठेवते. या गोष्टीत एक नाव आहे आणि ते मी कुठेही लिहिणार नाही. 'पण ते नाव काय होतं हो?' असं ज्याला विचारावंसं वाटेल त्याने आत्ताच उठावं आणि दुसरं काहीतरी वाचायला घ्यावं. लोक मला अजून विचारतात. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटची लांबी कमी करून घ्यायला आलेला माणूससुद्धा आरशासमोर उभा राहून हळूच विचारतो. माझ्या तोंडात तेव्हा टाचण्या असतात, हे त्याचं नशीब.

ही गोष्ट आमच्या भाऊजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. भाऊजी लिफ्टमन. भर रस्त्यावरची जुनी इमारत. खाली औषधांचं दुकान, वर दातांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, विम्याची कचेरी, दोन-चार वकील. लिफ्टही इमारतीएवढीच जुनी. जाळीचा सरकता दरवाजा, आत आरसा, कोपऱ्यात स्टूल आणि चालवायला पितळी दांडा. तो दांडा जरा उशिरा सोडला तर लिफ्ट मजल्याच्या वीतभर वर जाऊन थांबते आणि डोळ्यांत औषध घातलेला म्हातारा अडखळून तोंडावर आपटतो. भाऊजींच्या हातून असं कधी झालं नाही. त्यांची लिफ्ट इतकी अलगद टेकायची की हातातल्या कपातला चहा हलायचा नाही.

माणूस मात्र महा घुमा. 'कितवा मजला?' आणि 'सांभाळून', एवढं सोडलं तर दिवसभर तोंड उघडायचे नाहीत. इतक्या वर्षांत ते माझ्याशी जे बोलले ते सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. आमची ताई त्याच्या अगदी उलट. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मांजरसुद्धा घराबाहेर जाऊन बसायचं. भाऊजींची गणवेशाची टोपी कायम डाव्या कानावर कललेली असायची, आणि ताई वाक्याच्या मध्येच 'टोपी!' असं ओरडून पुढचं वाक्य बोलायला लागायची. भाऊजी मुकाट्याने टोपी सरळ करायचे. यांचा संसार चालतो तरी कसा, हे मला कोडंच होतं.

घर दोन खोल्यांचं. सुरुवातीला त्यात भाऊजींची आई आणि दोन भाऊ, मग दोन मुलं, मग भाऊ गेले, मुलगी लग्न होऊन गेली, तर मुलाची बायको आली. ताई रोज दुपारी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन स्वतः त्या इमारतीत जायची. गुडघे धरलेले, पायऱ्या उतरताना आई आई करायची, तरी जायची. 'अगं, सकाळीच डबा हातात देत जा की,' मी कितीदा म्हटलं. ती नुसती हसायची. मला वाटायचं, तेवढंच घराबाहेर पडायला मिळतं बिचारीला.

ताई गेली. आजार लांबला नाही, एवढीच काय ती कृपा. भाऊजी थोड्याच दिवसांत कामावर हजर झाले. डबा आता सकाळीच बरोबर न्यायचे.

त्यानंतर काही महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे आलेल्या कुणाचीतरी बॅग चोरीला गेली आणि मॅनेजरने इमारतभर कॅमेरे लावले. एक लिफ्टमध्येही लागला. 'ही लिफ्ट कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहे' असा कागद मॅनेजरने भाऊजींच्या हातात दिला आणि चिकटवायला सांगितलं. भाऊजींनी तो आरशाच्या वर पट्टी लावून, मोजून, सरळ रेषेत चिकटवला. एवढं करून थांबतील तर ते भाऊजी कसले! रोज सकाळी आरसा पुसायचे, पितळी दांडा घासायचे, तसं स्टुलावर चढून कॅमेऱ्याची काचही पुसायला लागले. घाणेरडी काच त्यांना बघवत नाही. त्या एका सवयीमुळे चित्र इतकं स्वच्छ आलं की त्यांच्या पापण्यासुद्धा मोजता येतात.

मला ते हलतं-बोलतं चित्र माझ्याच दुकानात, एका गिऱ्हाइकाने दाखवलं. 'हे तुमचेच ना हो?' असं म्हणत बाईने फोन माझ्या नाकासमोर धरला. वर लिहिलेलं होतं, 'लिफ्टमधली बायको', आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली ती पिवळी तोंडं. रिकामी लिफ्ट. भाऊजी स्टुलावर, आरशाकडे तोंड करून बसलेले. आणि बोलत होते! आमचे घुमे भाऊजी घडाघडा बोलत होते.

दोन आवाजांत बोलत होते. एक त्यांचा. दुसरा ताईचा. अगदी तसाच, शेवटचा शब्द ओढत, नाकात.

"आज डोळेवाल्या डॉक्टरांकडे फार गर्दी आहे," हे त्यांच्या आवाजात. मग ताईच्या आवाजात, "गर्दीचं राहू दे, टोपी बघा आधी. पडली कानावर." मग स्वतःच टोपी सरळ केली. मग त्या नावाने हाक मारून म्हणाले, "सूनबाईने आज परत भाजीत मीठ घातलं नाही." आणि तिथे ते चित्र कापलेलं होतं. पुढे कुणीतरी माणसांच्या हसण्याचा आवाज जोडला होता.

ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ताईची सख्खी बहीण मी, एका पांघरुणात झोपून वाढलेली. तिचा नवरा तिला कोणत्या नावाने हाक मारतो हे मला माहीत नव्हतं, तिच्या मुलांना माहीत नव्हतं. आणि ते मला परकी बाई फोनवर ऐकवत होती, वर स्वतः हसत होती. मी तिचे कपडे न शिवता तसेच गुंडाळून तिच्या हातात दिले आणि दुसरा शिंपी बघ म्हटलं.

हे चित्र तळघरातल्या पहाऱ्याच्या खोलीतून बाहेर पडलं होतं. तिथे पडद्यांसमोर बसून कंटाळणारे दोघेजण. त्यांना एके दिवशी हा खजिना सापडला, त्यांनी तो कापला, सजवला आणि सोडून दिला. दोन दिवसांत गावभर. माणसं मजल्यावरून घंटी वाजवायच्या ऐवजी त्या नावाने हाका मारायला लागली. शिकलेली माणसं! विम्याच्या कचेरीतला टाय लावलेला इसम लिफ्टमध्ये शिरताना म्हणायचा, "काय म्हणतायत आज मॅडम?" भाऊजी विचारायचे, "कितवा मजला?"

मी भाऊजींच्या घरी गेले तर तिथे वेगळंच. सूनबाई पाठ फिरवून भांडी घासत होती, इतकी जोरात की भांड्याला भोक पडावं. ती कपड्यांच्या मोठ्या दुकानात विक्रीला उभी असते, आणि तिथल्या मुली तिला दोन दिवस मीठ हवंय का म्हणून विचारत होत्या. "मावशी, माझ्या हातचं एवढंच अळणी लागत होतं तर तोंडावर सांगायचं होतं," ती म्हणाली. "साऱ्या जगाला सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी जगाला नाही गं सांगितलं."

"मग कुणाला सांगितलं?"

मुलगा म्हणाला, "सोड ना मावशी. हसतील त्यांचे दात दिसतील. चार दिवसांत विसरतील लोक. बाबांना मात्र एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं." भाऊजी कोपऱ्यात बसून बुटांना पॉलिश करत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला इतका संताप आला की मी चपला घालून थेट मॅनेजरकडे गेले.

मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "अहो बाई, गंमत आहे. त्यात एवढं काय? उलट फेमस झाले तुमचे पाहुणे."

मी म्हटलं, "तुमच्या बेडरूममध्ये कॅमेरा लावू का? तुम्हीही व्हाल फेमस."

"ती बेडरूम आहे. ही लिफ्ट आहे. कंपनीची लिफ्ट, कंपनीचा पगार, कंपनीचा वेळ. ड्यूटीवर बोलायचं कशाला?"

चोर तो चोर, वर शिरजोर. मी पाणी न पिता उठले.

दावा लावायचं माझ्या डोक्यात नव्हतं. ते सुचवलं त्याच इमारतीतल्या एका तरुण वकीलबाईने. रोज वरच्या मजल्यावर जायची, कधी हसली नव्हती, कधी त्या नावाने हाक मारली नव्हती. एकदा लिफ्टमध्ये दोघंच असताना म्हणाली, "काका, हा नुसता चावटपणा नाही. खासगीपणा हा माणसाचा हक्क आहे. तुमच्या नकळत तुमचं बोलणं टिपलं आणि जगाला वाटलं, यावर दावा होतो." भाऊजींनी मला बोलावून घेतलं. हे त्यांनी आपणहून केलेलं पहिलं बोलावणं, म्हणून मी दुकान बंद करून गेले.

वकीलबाई विचारत होती, "काका, तुमची मागणी काय लिहू?"

भाऊजी म्हणाले, "ते नाव परत पाहिजे."

"म्हणजे?"

"लोकांच्या तोंडातून परत पाहिजे. बाकी काही नको."

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. कायद्यात असं काही मागता येत नाही, असं तिने समजावलं. चित्र नष्ट करायला लावता येतं, जाहीर माफी मागायला लावता येते, भरपाई मिळते. भाऊजींनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "चित्र गेलं की नाव जाईल?" ती म्हणाली, "निदान वापरायची लोकांना भीती वाटेल." तेवढ्यावर त्यांनी सही केली.

घरात कल्ला झाला. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "शहाणे सगळे घरी बसले म्हणून तर हे मातले." त्याची भीती खरी ठरली, ते वेगळं. नोटीस पोचल्याबरोबर कंपनीने भाऊजींना लिफ्टवरून काढलं आणि मागच्या फाटकावर गाड्या मोजायला बसवलं. लिफ्टवर एक पोरगेला माणूस आला, त्याने पहिल्याच आठवड्यात दोघांना पाडलं. मग कंपनीचा निरोप आला, की काही रक्कम घ्या, दावा मागे घ्या, लिफ्टवर परत या. मुलगा म्हणाला घ्या. भाऊजींनी निरोप आणणाऱ्याला विचारलं, "ते हाका मारतात त्या बंद होतील?" तो म्हणाला, "ते आमच्या हातात नाही." "मग राहू दे," भाऊजी म्हणाले आणि फाटक उघडायला गेले.

कोर्टाच्या तारखा म्हणजे काय ते ज्याने भोगलं त्यालाच कळतं. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा समोरचा वकील आजारी, एकदा वीज नाही. आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचो; मी काज करत, ते नुसतेच. वकीलबाईने सुनावणी बंद दाराआड घ्या म्हणून अर्ज केला होता. समोरच्या वकिलाने विरोध केला, 'सगळ्या जगाने जे पाहिलं आहे ते आता झाकायचं कशाला?' अर्ज फेटाळला गेला.

आणि मग ते चित्र भर कोर्टात लावलं. मोठ्या पडद्यावर. या वेळी पूर्ण, न कापलेलं, कारण वकीलबाईने कंपनीला ते हजर करायला लावलं होतं. ताईचा आवाज आल्याबरोबर मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीश बाई होत्या, त्यांनी हातोडी न आपटता नुसतं वर बघितलं आणि लोक गप्प झाले. मिठाचं वाक्य आलं. सूनबाई माझ्या शेजारी बसली होती, तिने डोळे मिटून घेतले.

पण चित्र पुढे चालू राहिलं. ताईचा आवाज म्हणाला, "मग? तुम्हाला हात नाहीत? वरून घ्यायचं मीठ. दिवसभर उभी असते पोर, पाय सुजतात तिचे. तिला एक शब्द बोललात तर माझ्याशी गाठ आहे."

"नाही बोललो," भाऊजींचा आवाज.

"बोलूही नका."

मग भाऊजींनी त्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "गुडघा कसा आहे आता?"

"आता नाही दुखत," ताईचा आवाज म्हणाला.

सूनबाईने पदर तोंडात कोंबला. मी तिचा हात धरला तर तिनेच माझा इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ज्या दोघांनी ते चित्र कापलं होतं त्यांना हे पुढचं माहीत होतं. माहीत असून त्यांनी कापलं, कारण पुढच्यावर हसू आलं नसतं.

मग भाऊजी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. समोरचा वकील गोड बोलणारा होता. गोड बोलणाऱ्या वकिलाइतका कडू प्राणी नाही.

"ही सूचना कुणी चिकटवली?"

"मी."

"वाचून चिकटवली ना?"

"हो."

"आणि कॅमेऱ्याची काच कोण पुसत होतं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे कॅमेरा आहे, चालू आहे, तुमच्याकडे बघतो आहे, हे तुम्हाला रोज सकाळी नव्याने कळत होतं. बरोबर?"

भाऊजी म्हणाले, "तो चोरांसाठी आहे, असं वाटलं." लोक हसले. भाऊजींची टोपी हातात होती, ती त्यांनी चुरगाळली. वकीलबाईने उठून सांगितलं, की सूचनेत बघण्याबद्दल लिहिलं आहे, ऐकण्याबद्दल नाही. न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं. मला जरा धीर आला.

मग त्या गोड वकिलाने दुसरा कागद काढला. "तुमच्या पत्नीचं नाव कागदोपत्री वेगळं आहे. चित्रात तुम्ही भलत्याच नावाने हाक मारता. ही दुसरी बाई कोण?"

मी ताडकन उभी राहिले. "अरे मेल्या, जिभेला काही हाड?" न्यायाधीशबाईंनी मला खाली बसवलं, परत बोललात तर बाहेर जावं लागेल म्हणाल्या. मी बसले.

"उत्तर द्या," वकील म्हणाला. "हे नाव कुणाचं? कसं पडलं? मोठ्याने सांगा."

भाऊजींनी चुरगाळलेली टोपी सरळ करायला घेतली.

"तुम्हाला सांगायचं नसेल तर तशी नोंद होईल," न्यायाधीशबाई भाऊजींना म्हणाल्या, अगदी समजावून. "पण त्या गप्प राहण्याचा तुमच्या विरुद्ध अर्थ काढला जाऊ शकतो. समजतंय ना तुम्हाला? दावा हरू शकता."

"नोंद करा," भाऊजी म्हणाले. "नाव मी इथे घेणार नाही."

शेवटी वकीलबाई उठली. तिने एकच प्रश्न विचारला. "काका, लिफ्टमध्येच का?"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सूनबाईकडे. मला वाटलं आता हेही सांगणार नाहीत. ते खाली बघून बोलायला लागले, इतक्या हळू की टंकलेखक बाईला हात थांबवून ऐकावं लागलं.

"घरात माणसं असायची. आई होती, भाऊ होते. मग मुलं. माणसं चांगली, पण दोन खोल्या. ही डबा घेऊन यायची. दुपारी लिफ्ट रिकामी असते. दार ओढलं की दोघंच. एकदा वर, एकदा खाली. कुणी घंटी दिली तर थांबायचं, नाही तर परत वर. आम्हाला तेवढीच खोली होती."

मला त्या क्षणी ताईचे गुडघे आठवले. त्या गुडघ्यांवर ती इतकी वर्षं कशाला जात होती ते कळलं, आणि मी तिला काय काय चिडवलं तेही आठवलं. मी रडले, कोर्टात, सगळ्यांसमोर.

आम्ही जिंकलो. हो, जिंकलो! न्यायाधीशबाईंनी फार चांगलं लिहिलं. जागा मालकाची असली म्हणून तिथे माणसाच्या तोंडून निघालेला शब्द मालकाचा होत नाही, असं लिहिलं. बघण्याची सूचना म्हणजे ऐकण्याची परवानगी नाही, आणि चोर पकडायला टिपलेलं चित्र करमणुकीला वापरणं हा खासगीपणाचा भंग आहे, असंही लिहिलं. कॅमेरा काढा, चित्राच्या सगळ्या प्रती नष्ट करा, भरपाई द्या, माफी मागा, भाऊजींना लिफ्टवर परत घ्या. मुलाने बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. सूनबाईने भाऊजींच्या पानात पहिल्यांदा मिठाची वाटी वेगळी ठेवली, आणि दोघंही हसली. तो एक दिवस बरा गेला. माझ्या आठवणीत तेवढा एकच.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाशेजारचा माणूस पेपर घेऊन आला. मथळ्यात ते नाव होतं. ठळक, मोठ्या अक्षरांत.

मी तशीच वकीलबाईकडे धावले. तिने निकाल काढून दाखवला. चित्रातलं सगळं बोलणं कोर्टाच्या माणसाने शब्दन् शब्द उतरवून निकालाला जोडलेलं होतं, पुरावा म्हणून. त्यात ते नाव जिथे जिथे आलं तिथे तिथे होतं. आणि निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर, कुणीही उघडावा, कुणीही वाचावा. ज्याने ते चित्र कधी बघितलं नव्हतं त्यालाही आता ते नाव मिळालं. नावाखातर ज्याने तोंड मिटून घेतलं, त्याच्याच निकालात ते कोर्टाच्या शिक्क्यानिशी!

"माझंच चुकलं," वकीलबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "नाव झाकायचा वेगळा अर्ज द्यायला हवा होता. दावा जिंकायच्या नादात राहून गेलं. आता देते. पण जे छापून गेलं ते..." भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं होतं, आणि कुत्रं आमच्याच वकिलाने सोडलं होतं. तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण जिने त्यांना कधी त्या नावाने हाक मारली नाही अशी त्या इमारतीत ती एकटीच होती, म्हणून ओरडले नाही.

अर्ज दिला. कोर्टाच्या प्रतीत आता त्या नावाच्या जागी काळी पट्टी आहे. पेपरात पट्टी नाही. फोनांमध्ये पट्टी नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे वकील मंडळी आता हा खटला त्याच नावाने ओळखतात. परवा म्हणे दुसऱ्या कुठल्याशा कोर्टात एका बाईच्या खासगीपणासाठी वकिलाने आमच्या निकालाचा दाखला दिला, आणि नाव घेऊन दिला. त्या बाईचं भलं झालं असेल तर होवो. माझ्या बहिणीच्या नावावर झालं, एवढंच मला सलतं.

निकालानंतर दुपारचा डबा मी न्यायला लागले. म्हटलं, तेवढाच त्यांना विरंगुळा. लिफ्टमध्ये कॅमेऱ्याच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन आणि चार भोकं राहिली आहेत. सूचनेचा कागद भाऊजींनी ओल्या फडक्याने काढला, डिंकाचा डागसुद्धा ठेवला नाही. माफीचा फलक खाली जिन्यापाशी महिनाभर होता. तो वाचून लोकांना नाव नव्याने आठवायचं.

एका दुपारी लिफ्ट रिकामी होती. मी डबा स्टुलाखाली ठेवला. भाऊजींनी जाळी ओढली, दांडा फिरवला, लिफ्ट वर निघाली. मी म्हटलं, "भाऊजी, मी वर उतरते आणि जिन्याने जाते. तुम्ही बोला तिच्याशी. आता कुणी ऐकत नाही."

ते म्हणाले, "आता नाही बोलत."

"अहो, का? कॅमेरा गेला, तळघरातले ते दोघेही गेले..."

"हाक मारून बघितली." दांड्यावरचा हात तसाच होता. "तिचा आवाज येत नाही. त्या लोकांचा येतो."

खटला आमचा, निकाल आमचा, माफीही आमचीच. दोन मजले गेले. आरशात आम्ही दोघं दिसत होतो, मी आणि ते, आणि त्यांची टोपी डाव्या कानावर कललेली होती. माझ्या अगदी जिभेवर आलं. आवाज तर माझाही तिच्यासारखाच आहे, सगळे म्हणतात. पण ते वाक्य ताईचं होतं, या खोलीतलं होतं. मी ते गिळलं.

वरून घंटी वाजली. भाऊजींनी लिफ्ट अलगद मजल्याला टेकवली, जाळी सरकवली आणि त्या कललेल्या टोपीनेच बाहेरच्या माणसाला विचारलं, "कितवा मजला?"